मांडीवरचं तिकीट

पेटीत शाळेचा गणवेश निघाला. निळा, चुण्यांचा, पांढऱ्या कॉलरचा, पाच वर्षांच्या मुलीला बसेल एवढ्या मापाचा. माझी हिंगानो अजून भिंतीला धरून चालते आणि हात सुटला की धपकन बसते.

पेटी माझ्या नणंदेची, पेलेनाइसेताईंची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या महिनाभर ऑकलंडला आमच्याकडे राहिल्या होत्या. सोमवारी सकाळी मी, माझा नवरा सातेकी आणि हिंगानो त्यांच्याबरोबर टोंगाला निघणार होतो, आणि पुढे छोट्या विमानानं हापाई बेटांवर, त्यांच्या घरी. तीन आठवड्यांची सुट्टी आणि हिंगानोचा पहिला विमानप्रवास. शनिवारी दुपारी मी एकेक बॅग हातकाट्याला लटकवून वजनं बघत होते. ताईंची पेटी उचलताना माझाच खांदा निखळायची वेळ आली. ताई शेजारी गप्पा मारायला गेल्या होत्या, म्हणून म्हटलं, त्यांचं थोडं सामान माझ्या बॅगेत सरकवावं.

गणवेशाखाली फ्रॉक होते. काही हिंगानोला पुढच्या वर्षी येतील असे, काही त्याच्या पुढच्या वर्षी. चर्चला घालायचे पांढरे झगे, लहानमोठे. कमरेला गुंडाळायची विणलेली इवलीशी चटई. केसांच्या रिबिनी. मला वाटलं, गावातल्या पोरींसाठी नेत असतील, रिकाम्या हातानं गावी जायची आम्हां टोंगन लोकांत पद्धत नाही. मग मी सहज एक कॉलर उलटी केली. आत लाल दोऱ्यानं नाव भरलं होतं, हिंगानो. दुसरी कॉलर उलटी केली. तिथेही तेच.

ताई महिनाभर खिडकीपाशी बसून काहीतरी भरतकाम करत होत्या. डोळ्याला ताण देऊ नका म्हणून मीच त्यांना रोज सांगायचे आणि वर चहाही आणून द्यायचे.

आता मी कशी आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझी फजिती नीट कळायची नाही. मी एकही गोष्ट नशिबावर सोडणाऱ्यातली बाई नाही. तिकीट काढायच्या आधीच मी हिंगानोच्या झोपेच्या वेळेला जुळणारं विमान शोधून ठेवलं. दुधाच्या बाटल्या, तापाचं औषध, कपड्यांचे तीन जोड, त्यातला एक माझ्यासाठी, कारण ती ओकली तर माझ्यावरच ओकणार. इतकंच नाही, मी घरात चाचणी उड्डाणसुद्धा घेतलं. सोफ्यावर बसायचं, कमरेला सातेकीचा पट्टा, मांडीवर बाळ, आणि मी "निघालो" म्हटलं की तिच्या तोंडात बाटली द्यायची, म्हणजे कान दुखत नाहीत. ताई हे सगळं बघून पोट धरून हसल्या होत्या.

"अगं लेसिएली, आम्ही पोरांना बोटीच्या डेकवर दोरीनं बांधून नेलंय. कान कुणाचे गळून पडले नाहीत."

"बोट ढगात जात नाही, ताई."

"वादळात जाते की," त्या म्हणाल्या. मग बाळाला उचलून घेत सहज बोलल्या, "ही माझ्या मांडीवर बसेल हं. तिकीट काढताना माझ्या नावाला जोड तिला."

मला किती बरं वाटलं होतं. हात मोकळे राहतील, बाटल्या देता येतील. मीच उत्साहानं तसं तिकीट काढलं होतं.

ताई परत आल्या तेव्हा मी कपड्यांच्या ढिगात बसले होते. त्या चिडल्या नाहीत, चपापल्याही नाहीत. उलट बाजूला बसून फ्रॉकची घडी नीट करायला लागल्या.

"आवडले?" त्यांनी विचारलं.

"ताई, हे तीन आठवड्यांसाठी जरा जास्त होतंय."

"तीन आठवडे तुमचे. पुढे तिला अंगावर घालायला नको का काही?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, माझी तर बसल्या जागी सरकली. मी वेड्यासारखी विचारत राहिले, पुढे म्हणजे कधी, पुढे म्हणजे कुठे. त्यांना माझं आश्चर्य वाटत होतं. त्यांचा आवाज इतका साधा होता की जणू आम्ही जेवायला काय करायचं ते ठरवत होतो.

"माझ्याकडे राहणार ना ती. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, पोर पाळणाघरात नाक गाळत टीव्हीपुढे बसलेली. तिकडे समुद्र आहे, आपली भाषा आहे, मी आहे. शाळा घरासमोर. तिचं नाव मी ठेवलं, तिला वाढवणार मी. गेल्या वर्षीच ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"माझ्या भावानं दिली मला."

"ताई, मी देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. खरंच मायेनं, तेच तर भयंकर होतं. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुला विचारलंय कुणी?"

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्यात मुलावर पहिला हक्क आत्याचा. लग्न असो, मयत असो, सगळ्यांत वरची चटई तिची. आईचं माहेर तर दारापाशी बसणारं. आत्यानं मागितलं आणि भावानं दिलं, की विषय संपला. मी स्वतः माझ्या भावाच्या घरी जाते तेव्हा त्याचा फ्रीज न विचारता उघडते आणि मनात आलं तर चांगली चादरही उचलून आणते. कुणी ब्र काढत नाही. हा हक्क मला नेहमीच फार गोड वाटत आला होता.

सातेकी गॅरेजमध्ये होता. ताई आल्यापासून तो तिथेच असायचा. मोठी झालेली बहीण-भावंडं आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. तो जेवायचा गॅरेजमध्ये, रग्बी बघायचा गॅरेजमध्ये, आणि बहीण-भावांचे निरोप पोचवायला मी. एवढे निरोप पोचवले, पण नेमका हा एक माझ्या हातून गेला नव्हता.

मी गणवेश त्याच्या मांडीवर टाकला. त्यानं तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणजे याला माहीत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"तू दिलीस तिला?"

"मी काही दिलं नाही. हिंगानो झाली त्या आठवड्यात ताईचा फोन आला. म्हणाली, ही माझी. मी वाढवेन."

"मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही."

"सातेकी."

"मी गप्प बसलो."

बहिणीपुढे भाऊ गप्प बसला, म्हणजे हो म्हणाला. हे त्याला माहीत, मला माहीत, आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि हा बाबा तेव्हापासून मूग गिळून बसला होता. मी विमानाच्या वेळा बघत होते, चाचणी उड्डाणं घेत होते, आणि हा पट्टा देत होता.

"मला वाटलं, ती विसरेल," तो म्हणाला.

"नाही म्हणायला जीभ झडली होती का तुझी?"

"आई गेली तेव्हा मी हिंगानोएवढा होतो. ताईनं लग्न केलं नाही माझ्यापायी. तिला नाही म्हणायला मी तोंड कुठून आणू?"

मी तिथून उठले आणि आईला फोन लावला. माझी आई लोसालीने, इथेच ऑकलंडमध्ये ओटाहूहूला राहते, तोंडानं फटकळ. म्हटलं, ती तरी आकाशपाताळ एक करेल.

आईनंच उलट विचारलं, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, तुझ्या नणंदेनं सांगितलं आणि चर्चच्या बायकांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मला वाटलं तू मन घट्ट केलंयस, कशाला जखमेवर बोट ठेवा. म्हणून विषय काढला नाही."

आता सगळं लख्ख कळलं. दोन रविवार बायका मला मिठ्या मारून पाठीवर हात फिरवत होत्या. कुणी अळूच्या पानात गुंडाळून भाजलेलं मांस आणून देत होतं, कुणी केक. मी ऐटीत सांगत होते, विमानात बाळ रडू नये म्हणून काय काय करायचं. आणि त्या डोळे पुसत होत्या. मला वाटलं, किती हळव्या बायका. आमच्या साऱ्या मांगेरे वस्तीला ठाऊक होतं की मी मूल पोचवायला चालले आहे. फक्त पोचवणारीला ठाऊक नव्हतं.

"आई, मी काय करू?"

"तू काहीच करू शकत नाहीस. मीही नाही. दिलंय त्यानं, मागे घ्यायचं तर त्यानंच." फोन ठेवताना ती रडत होती. माझ्या आईला मी आजोबांच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी गॅरेजच्या दारात जाऊन सातेकीला एवढंच सांगितलं, की तू तोंड उघडत नाहीस तोवर मी विमानात पाय ठेवणार नाही. तो गणवेश हातात घेऊन तसाच बसला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर ताई बैठकीत चटईवर बसल्या. हिंगानो त्यांच्या मांडीवर, त्यांच्या अंबाड्यातला कंगवा ओढत होती. मी स्वयंपाकघरात टारोचे कंद सोलत होते, म्हणजे सालींवर राग काढत होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि सातेकी आत आला. चर्चचे कपडे, कमरेला चटई तशीच. मला वाटलं पाणी प्यायला आला. तो माझ्यासमोरून सरळ बैठकीत गेला.

मी सुरी ठेवून दारात आले. लग्नाला सात वर्षं झाली, ही दोघं एका खोलीत बसलेली मी पाहिली नव्हती. ताईंनी मान वर केली आणि त्यांचा हात तोंडावर गेला. भाऊ कपडे उतरवून उभा राहिला असता तरी त्या इतक्या हादरल्या नसत्या.

तो दारापाशी जमिनीवर बसला, मान खाली घालून. गणवेश त्यानं पुढे चटईवर ठेवला.

"ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी फोनवर मी गप्प बसलो. तो होकार नव्हता. मी घाबरलो होतो."

ताईंनी बाळाला जवळ ओढलं.

"मला तू आईची उणीव भासू दिली नाहीस. माझ्या पोरीला मात्र आई आहे, ताई."

मला वाटलं आता त्या उठतील, शाप देतील, निदान रडतील. त्या काही बोलल्या नाहीत. बाळाच्या हातातून कंगवा सोडवून घेतला, परत अंबाड्यात खोचला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. सातेकी पडवीत जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता. भाऊ गप्प बसला तर अर्थ काय, ते आम्हांला जन्मापासून माहीत. बहीण गप्प बसली तर काय समजायचं, हे कुणीच शिकवलं नव्हतं. ताई रात्री जेवल्या नाहीत. सकाळी टॅक्सीतही नाही बोलल्या. हिंगानो त्यांच्याच कडेवर होती आणि मागून घेण्याची माझी छाती झाली नाही.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं ताईंची पेटी तोलली आणि मान हलवली. "जड आहे. काहीतरी काढावं लागेल."

पेटी शनिवारी होती तेवढीच जड होती. म्हणजे त्यांनी काहीच काढलं नव्हतं. सातेकी पेटी उघडायला वाकला, पण ताईंनी त्याला हातानंच थांबवलं. बाळाला एका हातावर सावरून त्या स्वतः वाकल्या. फ्रॉक, झगे, रिबिनी, छोटी चटई, सगळं कवेत घेऊन त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. सगळ्यांत वर गणवेश. पिशवी खांद्याला लावली.

मुलगी पुढचं वाचत होती. "बाळ पेलेनाइसे यांच्या मांडीवर. असंच ठेवू ना?"

मी सातेकीकडे बघितलं, त्यानं बुटांकडे. एका वाक्याचा प्रश्न, तीन मोठी माणसं, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

"नाही," ताई म्हणाल्या. कालपासूनचा पहिला शब्द. "आईच्या मांडीवर लिहा."

आणि हिंगानोला त्यांनी माझ्याकडे दिलं, कंगव्यासकट. तो तिनं पुन्हा अंबाड्यातून ओढून मुठीत धरला होता.

विमानात त्या माझ्या शेजारी खिडकीपाशी बसल्या. दोन्ही हातांनी पिशवी मांडीवर धरून. निघायच्या आधी हवाईसुंदरी आली आणि हसून म्हणाली, "आजी, पिशवी खाली ठेवा हं. विमान उडताना मांडीवर फक्त बाळ चालतं."

ताईंना तिचं बोलणं कळायला वेळ लागला. मग त्यांनी पिशवी सीटखाली सरकवली आणि सरळ होऊन बसल्या. हात मात्र तसेच राहिले, मांडीवर, काहीतरी धरल्यासारखे. विमान धावायला लागलं. बाटली माझ्या हातात तयार होती, इतकी तयारी केली होती मी, आणि ती बाळाच्या तोंडात द्यायचं मला सुचलंच नाही.