कचेरीतला एकांत

त्या आठवड्यात इडनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जवाची पेज ती तोंडाशी न्यायची आणि वाडगा तसाच कुत्र्यापुढे सरकवायची. कुत्रा तेवढा खूश होता. बाकी त्या घरात कुणी खूश व्हावं असं काही उरलं नव्हतं.

तिचा नवरा हॅमन्ड दोन वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या धंद्यात पडला होता. सात पिढ्यांत कुणी मेंढी पाळली नव्हती, पण शेजारच्या गावात कुणीतरी लोकर विकून दगडी चूल बांधली आणि याच्या डोक्यात वारं शिरलं. बाजारगावच्या मॅथ्यू स्परलिंग खाटकाकडून त्याने दहा मार्क कर्ज उचललं, म्हणजे सोळाशे पेन्या. खत लिहिलं, मोहोर उमटवली: नव्या गव्हाच्या पावाच्या सणाला दहा मार्क परत, आणि तो दिवस चुकला तर वीस. मेंढ्या दलदलीच्या कुरणात चरल्या, त्यांच्या काळजात किडे पडले, आणि सण येईपर्यंत कळपातल्या अकरा तेवढ्या उरल्या. सण आला, गेला. वीस मार्क सोडाच, हॅमन्डकडे वीस पेन्या नव्हत्या.

स्परलिंग ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे. त्याने दोन वाटा दाखवल्या. एक तर हॅमन्डने शहराच्या तुरुंगात जायचं, जिथे घरून भाकर आली नाही तर माणूस उपाशी मरतो. नाहीतर इडनीच्या बापाची सात एकर, घरासकट, स्परलिंगच्या नावावर करून द्यायची.

आता जमीन होती इडनीची. बापाच्या मागे तीच एक होती. आणि त्या मुलखाची रीत अशी की बायकोची जमीन नवऱ्याला परस्पर देता येत नाही. तीन आठवड्यांनी एकदा जमीनदाराची कचेरी भरते, तिथे कारभाऱ्याने बाईला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारायचं: तुझ्या खुशीने देतेस, की नवऱ्याच्या भीतीने? ती खुशीने म्हणाली, तरच कारभाऱ्याची काठी या हातातून त्या हातात जाते आणि जमीन गेली असं होतं. न विचारता व्यवहार झाला, तर नवरा मेल्यावर विधवा येऊन सगळं परत मागू शकते. स्परलिंगचे एकदा तसे हात पोळले होते. म्हणून तो म्हणाला, "बाईला विचारायचं. रीतसर. मला घाई नाही."

हॅमन्डला होती. त्याने इडनीचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार सावकाश लोटलं. तिची दोन बोटं काळीनिळी पडली.

"हे नुसतं दार झालं," तो म्हणाला. "आपल्याकडे विहीर पण आहे."

तो हे रागाने म्हणाला असता तर इडनीने सहन केलं असतं, राग तिने बारा वर्षं पाहिला होता. तो शांतपणे म्हणाला, कुत्र्याला पाणी ठेवलं का विचारावं तसं. तेव्हापासून तिच्या पाचावर धारण बसली होती.

तरी एक आशा होती, आणि ती ॲगथा मावशीने दिली होती. ॲगथा गावची सुईण, गावातल्या प्रत्येकाला उघडं पाहिलेली, म्हणून कुणाचीच भीड नसलेली.

"वेडी आहेस," मावशी म्हणाली. "तिथे मागे खोली आहे. आत तू आणि कारभारी, बस्स. दार लावून घेतात. माझ्या वेळी मला नेलं होतं. आत काय बोललीस ते भिंतींना ठाऊक. तू सरळ सांग, भीतीने आलेय. तो बाहेर येऊन म्हणेल, कागदात खोट आहे, पुढे बघू. तुझं नाव कुठेच येत नाही."

"खरंच दार लावतात?"

"आतून कडी घालतात! त्या कारभाऱ्याने माझा गुडघा पण दाबून बघितला, मेल्याने. दार उघडं असतं तर त्याची हिंमत झाली असती?"

आठवडाभर इडनी त्या कडीवर जगली. भाजी चिरताना, दूध काढताना ती मनातल्या मनात त्या खोलीत शिरायची, कडी लागायची, आणि ती बोलायची.

कचेरी भरायची जमीनदाराच्या मोठ्या कोठारात. त्या दिवशी बाहेर धुकं एवढं की गायी नुसत्या आवाजाने ओळखायच्या. आत चाळीसेक माणसं, ओल्या लोकरीचा वास, पुढे बाकावर बारा पंच. कारभारी नवा होता, म्हातारा, एका कानाने बहिरा, आणि त्याला जेवायच्या आत सगळं उरकायचं होतं. शेजारी त्याचा कारकून चामड्याच्या लांब पटावर लिहीत होता.

आधी दारू गाळणाऱ्या बाईचा खटला निघाला. तिची एल, म्हणजे जवाची दारू, पातळ असते अशी तक्रार होती.

"पातळ?" एक पंच म्हणाला. "साहेब, माणूस झिंगून जातो आणि हिची एल पिऊन शुद्धीवर येतो."

सगळे हसले. हॅमन्ड पण हसला, मोकळेपणाने, आणि हसता हसता त्याने इडनीचं कोपर धरलं. स्परलिंग खांबाला टेकून उभा होता, हातमोजे काढून नीट घडी करून पट्ट्यात खोवलेले. त्याने इडनीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात कालवड पाहतो तसं, आणि मान वळवली.

"हॅमन्डची बायको इडनी," कारभाऱ्याने पुकारलं. "पुढे ये, बाई. एकांतात विचारायचंय. बाकीच्यांनी पाठ फिरवा."

इडनी जागीच उभी राहिली. बाकं करकरली, चाळीस माणसं वळली, चाळीस पाठी तिच्याकडे झाल्या. हॅमन्डची पाठ सगळ्यांत जवळ होती, हात लांबवला तर लागेल एवढी. थंडीने लाल झालेला त्याचा उजवा कान तिला स्पष्ट दिसत होता.

"साहेब," ती म्हणाली, "खोली?"

"कुठली खोली?"

"मागची. दाराची."

"तिच्यात धन्याची लोकर भरलीय छपरापर्यंत. दोन वर्षं झाली. पाठ फिरवली म्हणजे एकांत झाला, बाई, सगळीकडे हेच चालतं. बोल आता. ही सात एकर तू तुझ्या खुशीने देतेस, की नवऱ्याच्या भीतीने?"

आठवडाभर मनात घोळवलेलं बोलणं कडी लागलेल्या खोलीसाठी होतं, ते या कोठारात कामाचं नव्हतं. हो म्हटलं तर आज संध्याकाळी तिला घर नाही, उद्या ती कुणाच्या तरी गोठ्यात, आणि हॅमन्ड तसाच डोक्यावर. नाही म्हटलं तर घर आहे, आणि त्या घराच्या परसात विहीर आहे. ती पुढे वाकली आणि ओठ न हलवता कुजबुजली.

"भीतीने."

"काय?" कारभाऱ्याने बरा कान पुढे केला. तो नेमका हॅमन्डच्या बाजूचा होता. "मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"खुशीने म्हणाली, साहेब," कारकून मान वर न करता म्हणाला. आणि इडनीने पाहिलं, त्याच्या पटावरची तिची ओळ लिहून झाली होती. शाई वाळलेली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओली शाई आणि वाळलेली शाई कुणालाही कळते. तिला पुकारायच्या आधीच तिचं उत्तर लिहून ठेवलं होतं, जेवायला उशीर नको म्हणून.

कारभाऱ्याने काठी उचलली. काठीचं टोक स्परलिंगच्या दिशेने वळताना तिने पाहिलं, आणि तिच्या आतून काहीतरी सुटलं. तिला पुढे कधीच सांगता आलं नाही की ते धैर्य होतं की नुसती किंकाळी.

"नाही म्हटलं मी! भीतीने आलेय! नवऱ्याच्या भीतीने!"

चाळीस पाठी परत फिरल्या. ॲगथा मावशीने तोंडावर हात घेतला. हॅमन्ड सगळ्यांत शेवटी वळला, सावकाश.

"अरे देवा," कारकून म्हणाला. "आता हे सगळं खरवडावं लागणार."

कारभारी वैतागला, पण माणूस नियमाचा होता, तेवढं त्याचं मानायला हवं. त्याने काठी खाली ठेवली. "बाईची संमती नाही. व्यवहार झाला नाही. मॅथ्यू स्परलिंग, पुढच्या कचेरीत पुन्हा आणायचं तर आणा."

"आणीन," स्परलिंग म्हणाला.

"बायकांचं मनावर घेऊ नका, साहेब," हॅमन्ड हसून म्हणाला. "घाबरली गर्दीला. मी घरी गेलो की समजावतो तिला."

समजावणं म्हणजे काय ते इडनीला ठाऊक होतं. लोकांनाही ते समजलं असणार, कारण कुणी हसलं नाही.

कारभाऱ्याने कपाळ चोळलं. "थांब. बाईने भरल्या कचेरीत भीती बोलून दाखवलीय. आता जामीन घेतल्याशिवाय तिला घरी पाठवता येत नाही. हा माणूस तिच्या जिवाला धक्का लावणार नाही, लावला तर दंड आम्ही भरू, असं म्हणणारे दोघं उभे राहा. कोण राहतंय?"

कोण राहणार? इडनीने एकेक तोंड पाहिलं. हॅरल्ड चाकवाला, ज्याच्या बायकोच्या आजारात तिने महिनाभर त्याच्या गायी पिळल्या होत्या, तो बुटाचा चिखल निरखत होता. पंचांतला सगळ्यांत थोरला डोळे मिटून होता, जणू प्रार्थना करतोय. लहानपणापासून ही माणसं तिला 'पोरी' म्हणत आली होती.

"मी आहे!" ॲगथा ओरडली.

"बाईमाणूस चालत नाही, मावशी. बसा."

"मग या बाप्यांना विचारा, यांना जन्माला घालायला बाईमाणूस कसं चाललं!"

तरी कुणी हललं नाही. दंडाची भीती होती, आणि हॅमन्डचा बांध सगळ्यांच्या बांधाला लागून होता. इडनीला वाटलं, ही शांतता संपूच नये, कारण ती संपली की घरी जायचंय.

"एक विचारू, साहेब?" स्परलिंग खांबापासून पुढे आला. "ही बाई उद्या मेली, तर सात एकर कुणाची?"

कारभाऱ्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "मूल झालं असतं तर नवऱ्याला हयातभर. हिला झालं नाही. तेव्हा तिच्या चुलतभावाची, तो सागरकाठी असतो."

"म्हणजे नवऱ्याला काही नाही. आणि नवऱ्याकडून मला काही नाही."

"नाही."

स्परलिंगने मान हलवली, भाव पटल्यासारखी. मग उजवा हात वर केला. "मी जामीन."

"दोन माणसं लागतात."

"माझी ऐपत दोघांची आहे. लिहा."

कोठारभर सुटकेचा श्वास फिरला. बघा, खाटीक असला तरी मन आहे हो, असं कुणीतरी पुटपुटलं. हॅरल्डने इडनीच्या खांद्यावर थोपटलं, आता थोपटायला त्याचं काय जात होतं. कारकून सुरीने चामडं खरवडू लागला, आणि दारू गाळणारी बाई पुन्हा आपल्या दंडावरून भांडू लागली.

घरी जाताना तिघं होते. स्परलिंगने वाटेत हॅमन्डला बाजूला घेऊन चार शब्द सांगितले. काय ते इडनीला ऐकू आलं नाही, पण हॅमन्डचा चेहरा पिठासारखा झाला, आणि मग तो पुढे पुढे चालू लागला, एकदाही मागे न पाहता. बारा वर्षांत इडनीने त्याला कुणाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. ते वाटेना.

"माझी विधवा बहीण उद्यापासून तुमच्याकडे राहायला येईल," स्परलिंग तिच्या शेजारून चालत म्हणाला. "तुझं खाणंपिणं बघेल. फार वाळलीस तू. विहिरीवर जायचं नाही, पाणी ती आणेल. खोकला बिकला आहे का?"

"नाही."

"छान."

कुंपणावरून पलीकडे जायच्या पायऱ्या धुक्याने निसरड्या झाल्या होत्या. त्याने हात पुढे केला. स्वच्छ, उबदार, नखं कापलेला हात होता. तिने तो धरला, कारण न धरून चालणार नव्हतं, आणि पायरीवर उभी असतानाच तिने विचारून टाकलं.

"तीन आठवड्यांनी पण मी नाहीच म्हटलं तर?"

स्परलिंगने तिला जपून खाली उतरवलं. तिच्या शालीवरचं गवताचं काडूक त्याने दोन बोटांनी उचललं आणि टाकून दिलं.

"जामीन पुढच्या कचेरीपर्यंतच असतो, बाई," तो म्हणाला. "चल, सांभाळून. इथे चिखल आहे."