हे बरं, की आधीचं?

"मजा आली का?"

"घाम आला," नवरा म्हणाला आणि बूट काढायला दारातच खाली बसला.

मी विचारते एक, हा सांगतो भलतंच. शर्ट पाठीला चिकटलेला, कान लाल झालेले आणि चेहरा मात्र बिल भरायच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा.

"अरे, बारा मजले चढून आलास. थोडं तरी बरं वाटलं असेल की नाही?"

"नाही वाटलं. खोटं कशाला सांगू?"

सकाळी सकाळी माझं डोकं सणकलं. मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पाणी प्यावं तसा घटाघट संपवला आणि आंघोळीला गेला. मी माझ्या कपातून घोट घेतला तेव्हा कळलं की साखर घालायचीच राहिली होती. त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

आता सांगूनच टाकते, कारण आडून आडून बोलणं मला जमत नाही. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टचं मशीन इमारतीच्या गच्चीवर एका खोलीत असतं आणि तिथे मिस्त्रीशिवाय कुणी फिरकत नाही. त्या खोलीत बसून हा मोबाईलवर नागडे व्हिडिओ बघायचा. आधी जेवणाच्या सुट्टीत, मग सुट्टी नसतानाही, पुढे पुढे घरी, माझ्याकडे पाठ करून. मी विचारलं, काय झालंय तुला, की म्हणायचा, "सगळं मस्त चाललंय." कित्येक वर्षं मस्तच चाललं होतं.

मग एक दिवस एका बारा मजली इमारतीत एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले. दम्याचे पेशंट. वॉचमन याला फोन लावून लावून थकला आणि हा त्याच इमारतीच्या गच्चीवर, त्याच खोलीत, फोन कट करत बसला होता. शेवटी वॉचमन जिने चढून वर गेला. दाराला कडी नव्हती. म्हातारे वाचले, नोकरीही कशीबशी वाचली, पण व्हायची ती शोभा झालीच. घरी येऊन त्याने मला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. एवढं एक त्याच्या बाजूने.

मी रडले नाही. मी त्याला म्हटलं, "तू काय बघितलंस त्याची मला किळस येते, पण ती जाईल कधीतरी. तू माझ्या तोंडावर खोटं बोलत राहिलास, ते नाही जायचं. यापुढे एक जरी खोटं बोललास तर मी या घरात राहणार नाही." आणि मी बोलते ते करते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

समुपदेशक बाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्या म्हणाल्या, रोज जहाल तिखट खाणाऱ्याला साधं जेवण बेचव लागतं, तसं याच्या मनाचं झालंय. गाणं, जेवण, गप्पा, बायको, काहीच गोड लागणार नाही. चव परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर रोज व्यायाम करायचा, आवडो न आवडो.

त्याने मोठा मोबाईल विकून बटणांचा घेतला. आणि व्यायामाला जागा निवडली ती तीच बारा मजली इमारत. मी म्हटलं, अरे, दुसरीकडे जा, तिथे लोक तोंडावर हसतील. म्हणाला, "हसू देत. जिथे माझं तोंड काळं झालं तिथेच चढणार." मला तो त्या दिवशी फार आवडला होता. तिथल्या एका बाईंनी जिन्यात विचारलंही, "काय मिस्त्री, तुमचाच लिफ्टवर भरवसा नाही वाटतं?" हा म्हणाला, "लिफ्टवर आहे. माझ्यावर नाही."

पण आवडणं वेगळं आणि रोज सकाळी त्या मख्ख चेहऱ्यासमोर बसणं वेगळं. त्यात एका रविवारी नणंद आली.

"किती वाळलाय माझा भाऊ," बसता बसता तिने सुरुवात केली. "आणि मोबाईलवर काय, सगळेच पुरुष बघतात. त्याचा एवढा बाऊ कशाला? बायकोने जरा नीटनेटकं राहिलं, गोड बोललं, तर माणूस कशाला जातोय तिकडे?"

"ताई," मी म्हटलं, "लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांशीही मी गोड बोलायला हवं होतं का?"

तिचा चेहरा पडला. नवरा खिडकीजवळ उभा होता. तो वळून म्हणाला, "ताई, हिला काही बोलू नकोस. घाण माझी होती." नणंदेने पर्स उचलली, पण दारातून जाताना टोला हाणलाच. "मग एवढा सुधारलाय तर हसत का नाही? सहा महिन्यांत मी त्याला एकदाही हसताना पाहिलं नाही."

ते मात्र माझ्या जिव्हारी लागलं. तिला गप्प करायला माझ्याकडे उत्तर होतं, पण दाखवायला हसरा नवरा नव्हता. मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. रोज दारातच विचारायचं, मजा आली का, आज तरी आली का, थोडीशी? तो नाही म्हणाला की भांडी आदळायची.

आणि एका सकाळी तो म्हणाला, "आज मजा आली. मस्त वाटलं."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या गळ्यातच पडले. दुसऱ्या दिवशीही मस्त. तिसऱ्या दिवशी तर तो शीळ घालत घरात आला. मी नणंदेला फोन करून ऐकवायचीही तयारी केली होती.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम बसवायची, एक काच घालायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" त्या दिवशी एक बसड्रायव्हर आला होता. भला माणूस. प्रत्येक काचेला म्हणायचा, "हे बरं, हे तर फारच बरं." असली गिऱ्हाइकं आम्ही लगेच ओळखतो. त्यांना दिसत काहीच नसतं, समोरच्या बाईंना वाईट वाटू नये एवढंच बघतात. त्यांच्यासाठी आमची एक युक्ती असते. नंबरच नसलेली साधी काच घालायची. मी ती घातली आणि विचारलं.

"एक नंबर, मॅडम. लख्ख."

"दादा," मी म्हटलं, "मला खूश करू नका. सारखंच दिसत असेल तर सारखंच म्हणा. तुमच्या गाडीत पन्नास माणसं बसतात."

तो ओशाळला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतक्या आशेने विचारता, की नाही म्हणायला जिवावर येतं."

माझा हात काचांच्या पेटीवर तसाच राहिला. उरलेला दिवस मी कुणाचे किती नंबर काढले, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला. शीळ घालत. मी चहा दिला आणि समोर बसले.

"कसा झालाय चहा?"

"झकास. आज साखर अगदी बरोबर पडलीय."

"साखर घातलेलीच नाही."

त्याने कप खाली ठेवला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट कोरडा ठणठणीत होता.

"चढलास का आज?"

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "नाही. मस्त म्हणायला लागलो तेव्हापासून चढलोच नाही. लिफ्टने वर जातो आणि त्या खोलीत बसून राहतो."

"काय करतोस तिथे?"

"काही नाही. काल वॉचमनकडून मोबाईल मागून घेतला होता. नुसता हातात धरला. मग खाली जाऊन देऊन आलो."

"बघितलंस?"

"नाही. हे खरं आहे. मस्त वाटलं म्हणालो, ते सगळं खोटं होतं." त्याने तोंड हातांनी पुसलं. "तू रोज विचारायचीस आणि मी नाही म्हटलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. म्हटलं, मला नाही तर नाही, निदान तुला तरी बरं वाटू दे. आणि एकदा खोटं बोलायला लागल्यावर जिने कशाला चढायचे, तेच कळेना."

मी बोलले होते की एक जरी खोटं बोललास तर घरात राहणार नाही. त्यालाही ते आठवत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कपाटाकडे बघत होता, जिथे माझी बॅग असते. खोटं तोच बोलला होता, ते मी काही माझ्या अंगावर ओढून घेणार नाही. पण सहा महिने तो बिचारा खरं तेच, "सारखंच", म्हणत होता, आणि त्याला खरं बोलल्याची शिक्षा रोज सकाळी मीच देत होते.

मी उठले. कपाटाकडे गेले. खालच्या खणातून माझे कॅनव्हासचे बूट काढले.

"कुठे निघालीस?"

"जिने चढायला. ऊठ."

"तुला नाही झेपणार. गुडघे बघ तुझे."

"माझे गुडघे मी बघते. तू ऊठ."

वॉचमन आम्हाला बघून खुर्चीतून उठला. म्हणाला, "वहिनी, लिफ्ट चालू आहे." मी म्हटलं, "असू दे चालू." चौथ्या मजल्यावर माझी छाती भरून आली. सातव्यावर कठड्याला धरून उभी राहिले तर एका दारातून कुणीतरी डोकावलं आणि आत जाऊन कुजबुजलं. कुजबुजा म्हटलं. नवरा माझ्या एक पायरी मागे होता, मी कोलमडले तर धरता यावं म्हणून. नुसते आमच्या दोघांचे श्वास ऐकू येत होते.

बाराव्यावर पोचलो आणि मी सरळ पायरीवर बसले. त्याच्या शर्टावरून घाम गळत होता. वर गच्चीचं दार होतं आणि त्यापलीकडे ती खोली.

"आता सांग," मी म्हटलं. "हे बरं, की आधीचं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसतंय ते शोधत होता. मी तोंड अगदी दुकानातल्यासारखं कोरं ठेवलं.

"सारखंच," तो म्हणाला.

"बरं."

"काहीच वाटत नाहीये गं. पाय तेवढे दुखतायत."

"ते खरं?"

"ते खरं. जाम दुखतायत."

"माझेही," मी म्हटलं. "उद्या परत यायचंय."

इतक्यात समोर लिफ्ट येऊन थांबली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं, दिवा लागलेला, पंखा फिरत होता. वॉचमनने पाठवली असणार, माझी दया येऊन. नवऱ्याने मला हात देऊन उठवलं. आमच्यामागे लिफ्टचं दार थोडा वेळ उघडं राहिलं, मग आपलं आपण मिटलं. आम्ही जिना उतरायला लागलो होतो.