कलशाखालचं कापड

तळेगाव ढमढेरेच्या बाजारात मेथीच्या जुड्या तशाच पडल्या होत्या. विकणारे आणि घेणारे, सगळेच कलशबाबाभोवती जमले होते. फळीवर लाल रेशमी कापड, त्यावर पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश. बाबानं कापडाला हिसका दिला. कापड हातात आलं आणि कलश जागच्या जागी!

"सतवान माणसाचा कलश देव धरून ठिवतो," बाबा गरजला. "पाप्याचा पालथा पडतो. आपलं हिमालयाशी डायरेक कनेक्शन हाय!"

गर्दीत केंदूरचा दत्ता बायकोचा, मोनालीचा, दंड धरून उभा होता. ती भाजीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. ती फोनवर हसली की हा दाराआड उभा राहून ऐके. तिथल्या सुपरवायझर ईश्वरचं नाव निघालं की कानशिलं तापत. सकाळीच त्यानं बाबाच्या चेल्याच्या कानात सगळं ओतलं होतं.

बाबानं मोनालीला पुढं बोलावलं, तिचा हात कलशाला टेकवून बाजूला केला आणि कापड ओढलं. कलश आडवा झाला. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"बघा! मी म्हणत व्हतो का न्हाई?" दत्ता ओरडला. पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

तेवढ्यात महेजबीन मॅडम भाजीची पिशवी घेऊन पुढं आल्या. मोनालीला शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कापड अंथरून त्यावर कलश पुन्हा भरून ठेवला.

"दत्ता, आता तू ओढ. हळू."

कलश पडला. मॅडमनी तो परत भरून कापडावर ठेवला.

"आता झटक्यात."

कलश हलला नाही.

"मग तू पापी का सतवान? अरे, थांबलेली वस्तू थांबूनच राहू बघते. कापड सावकाश ओढलं की ते कलशाला सोबत ओढतं; झटक्यात ओढलं तर तेवढा वेळच मिळत नाही. तुझ्या बायकोच्या वेळी बाबांनी मुद्दाम हळू ओढलं."

"हे शास्त्र परदेशी हाय!" बाबा चिडला.

"तिथलेही चुकलेच की. ग्रीसचा अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा, ढकलत राहिलं तरच वस्तू चालते. सुटलेल्या बाणाला हवा मागून ढकलते. मोठा माणूस बोलला म्हणून बहुतेकांनी शेकडो वर्षं मानलं. काहींनी शंका घेतली. पुढं गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून वेळ मोजली, तेव्हा खरं बाहेर आलं: चालती वस्तूही कुणी अडवेपर्यंत चालतच राहते."

बाबाचा चेला कापड गुंडाळून केव्हाच पसार झाला होता. मॅडम दत्ताकडं वळल्या.

"बाबाला विचारलंस, चेल्याला सांगितलंस. हिला विचारलंस का कधी?"

दत्ता खाली मान घालून पुटपुटला, "मोने, खरं काय ते सांग."

"आता ईचारतोस? चार माणसांत मला पापी ठरवल्यावर?"

ती माहेरच्या गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसली. दत्ता तिथंच उभा राहिला.

मंडळी, संशय कुणालाही येतो. तो आला की आधी माणसाला विचारावं, डोळ्यांनी बघावं, स्वतः करून पाहावं. उशीर झाला की विचारूनही हातात काही राहत नाही.