मी, बिनपाण्याचा नामवंत कालवा

मी कालवा बोलतोय. मघाशी पुलावरून वाकून "गटार दिसतंय" म्हणालात ना? ऐकलं मी. आतून निळा रंग दिलेलं गटार कुठे पाहिलंय का तुम्ही? थांबा जरा, सांगतो.

माझा जन्म कर्जतच्या डोंगरपायथ्याचा. घाटाखालच्या वीजघरात वीज करून मोकळं झालेलं पाणी उचलायचं आणि गावोगावच्या उन्हाळी भाताला पोचवायचं, एवढंच माझं काम. माझ्यात म्हशी डुंबल्या, बायकांनी गोधड्या आपटल्या, पोरं पोहायला शिकली. माणसाची एक खोड मला तेव्हाच कळली. वाहतंय तोवर कुणी ढुंकून बघत नाही.

पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून गावाने बारी लावलेली. माझ्या भिंतीत प्रत्येक शेतापाशी एक मोरी आहे, मातीच्या पोत्याने बुजवलेली. ज्याची बारी त्याने आपलं पोतं काढायचं. त्या दिवशी माझ्यात येईल ते पाणी त्याचं. कमी आलं तर रडायचं नाही, जास्त आलं तर कुणी हिसकायचं नाही. सख्खे भाऊ कोर्टात गेले, पण बारी कुणी मोडली नाही.

यंदा माझं नशीब फळफळलं. फळफळलं कसलं, फुटलं! कालव्यांच्या वारशावरची जागतिक परिषद खालापूरकडच्या एका रिसॉर्टात भरली, आणि पाहुण्यांना दाखवायला एक कालवा हवा म्हणून स्वागत समितीच्या राजेशने मला हेरलं. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही, म्हणून ऐन चैत्रात त्याने माझ्यात पाणी सोडायचं वरचं दार बंद करायला लावलं. मला खरवडलं, घासलं आणि आतून निळं केलं, का तर पाणी असल्यासारखं वाटावं. अहो, मग पाणीच राहू द्यायचं होतं की!

इकडे जिजाचं भात पोटरीला आलेलं, लोंबी पोटात धरून पाण्याची वाट बघणारं. जिजा ही पुलाजवळच्या मोरीवरची म्हातारी, एकटीच शेत कसते. तिचं पावसाळी भात कापणीच्या पावसात आडवं झालं, त्यामुळे वर्षाचं खाणं आता या उन्हाळी भातावर. ती रोज यायची, माझ्या कोरड्या तळात उतरायची आणि निळ्या रंगाला हात लावून बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कालव्याला लाज वाटते, यावर परिषदेत कुणी निबंध वाचला नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळीच परिषदेच्या अध्यक्षीणबाईंनी, सातासमुद्रापलीकडून आलेल्या, नौकेतून फेरी मारायची इच्छा सांगितली. माझ्यात नौका? माझ्यात आजवर तरंगल्या त्या चपला आणि निर्माल्य. पण नाही म्हणेल तो राजेश कसला! त्याने टँकर मागवले, पुलाजवळचा माझा तुकडा दोन्हीकडून बांध घालून भरला आणि रिसॉर्टच्या तळ्यातली हंसाच्या तोंडाची पायडलवाली होडी आणून माझ्यात सोडली. बाई बसल्या, शेजारी राजेश बसला. काठावर देशोदेशीचे विद्वान मोबाईल सरसावून उभे राहिले.

त्या दिवशी बारी जिजाची होती. ती आली, माझ्यात पाणी पाहिलं, पदर खोचला आणि पोतं काढलं.

काय सांगू तुम्हाला, इतक्या दिवसांनी वाहिलो मी! पाणी खळाळत तिच्या खाचरात शिरलं आणि हंस हळूहळू खाली जात तळाला टेकला. राजेश तरी पायडल मारतच होता. मावशे, पोतं लाव, पाहुण्यांचं पाणी हाय ते, असं तो होडीतूनच विनवू लागला.

"बारी माजी हाय रं," जिजा म्हणाली. "पाव्हण्यांना पायजे तर धाकलूला इचारा. उद्याची त्याची हाय."

दुभाषी म्हणून आणलेल्या भिसेगावच्या सुप्रियाने हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी वाटून घेण्याची रीत आपण जिवंत पाहिली, असं बाई टेकलेल्या हंसातूनच म्हणाल्या आणि डोळे पुसले. हाच कार्यक्रम उद्याही ठेवा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर आले, पुन्हा हंस तरंगला, आणि जिजाच्या शेजारच्या मोरीवरच्या धाकलूने आपलं पोतं काढलं.

परिषद संपली. मला अनमोल वारसा ठरवून, फलक लावून पाहुणे विमानात बसले. आता वारशाला धक्का लागता कामा नये. पाण्याने रंग जातो म्हणे, म्हणून वरचं दार अजून बंदच आहे.

जिजाच्या भाताला लोंब्या आल्यात. दाणा भरायला आणखी एक पाणी हवं, एकच. काल तिची बारी होती. ती आली, पोतं काढलं आणि दिवे लागेपर्यंत मोरीपाशी बसून राहिली.

"आज काय येत नाय वाटतं," मला म्हणाली, आणि पोतं पुन्हा नीट लावून घरी गेली.

तुमच्या ओळखीत कुणी परदेशी पाहुणा आहे का हो? कालव्यातलं काही कळत नसलं तरी चालेल. त्याला फक्त होडीत बसायची हौस हवी.