पंधराशे चौऱ्याहत्तर

गेल्या वर्षी शिवकन्या हरली ती एका सेकंदाहूनही कमी फरकानं. नांदेडजवळच्या मुरमाड माळावर दर जानेवारीत मोटारींची शर्यत भरते. वळणावळणाच्या वाटेवर निशाणाला प्लास्टिकचे शंकू ठेवतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि दोन फेऱ्यांतली चांगली फेरी धरून ज्याचा वेळ सगळ्यात कमी तो जिंकतो. तिचा गट सोळाशे सीसीच्या आतला, टर्बो नसलेल्या गाड्यांचा. वसमतच्या भागवतची गाडी जवळजवळ पूर्ण सोळाशेची, तिची जुनी होंडा सिटी चौदाशे त्र्याण्णवची. वळणात ती त्याला भारी पडायची. वळणातून निघताना मात्र तिच्या गाडीला दम पुरत नव्हता.

शिवकन्या कुरुंद्याची. घरची हळद, शिवाय हळद शिजवायचं आणि घासायचं यंत्र गावोगाव भाड्यानं जायचं. त्या यंत्रांची इंजिनं उघडता उघडताच ती वडिलांच्या हाताखाली शिकली होती. यंदा दिवाळी सरल्यावर तिनं सिटीचं इंजिन उतरवलं, त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ओतीव सांगाडा, पिकअपमध्ये घातला आणि नवऱ्याला, वैजनाथला, सोबत घेऊन आखाडा बाळापूर गाठलं.

तिथं नामाजींचं बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडरांचे बोअर, आतली भोकं, कापून गोल करायचं दुकान. माणूस मेंढपाळांच्या घरातला, डोंगरकड्याकडचा. पण मेंढरांमागं न जाता वयाच्या विशीत मशिनवर उभा राहिला तो चाळीस वर्षं तिथंच. अर्ध्या तालुक्याच्या ट्रॅक्टरांचे सिलिंडर त्यांच्या हातून गोल झालेले.

"मोटारीचं कधी केलं न्हाई मी," ब्लॉकवर हात फिरवत ते म्हणाले. "किती वाढवायचं?"

"दोन मिलिमीटर, मामा. पंच्याहत्तरचा बोअर सत्त्याहत्तर. पिस्टन संगं आणलेत."

"मंग टर्बोच काहून न्हाई लावत? शहरातली पोरं लावून राहिलीत."

"आमच्या गटात चालत न्हाई. अन् मला नको बी. टर्बो हवा कोंबून भरतो. माझं इंजिन आपल्या दमानं जेवढी ओढंल तेवढीच हवा. मंग त्याची छातीच मोठी करावी लागते."

नामाजींना ते पटलं असावं. त्यांनी चारही पिस्टन एकेक करून मोजले, त्यांवर खडूनं नंबर घातले आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या."

पण शिवकन्याला घरी चैन पडेना. पाचव्या दिवशीच ती बाळापूरला हजर झाली. जुन्या बोअरच्या भिंती दोन मिलिमीटर खरवडल्या तर कागदासारख्या पातळ उरल्या असत्या, म्हणून नामाजींनी त्या काढून ब्लॉक तापवून त्यात नवे जाड लायनर, म्हणजे लोखंडी नळकांडी, बसवले होते. चारही बोअर कापून झाले होते. शेवटचा घासून घ्यायचा हात तेवढा राहिला होता. त्यासाठी त्यांनी मिलिमीटरच्या शंभर भागांतले सहा भाग धातू शिल्लक ठेवला होता. मापाचा गेज आत उतरवला तर काटा जागचा हलत नव्हता. बोअर नाण्यासारखे गोल.

"मामा, एकदा हेड कसून मोजू का?" तिनं विचारलं.

"हेड कसल्यावर आत मोजायचं कसं?"

"खालून. क्रँक तर काढलेलीच हाय, तोंड मोकळंच हाय."

नामाजींच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. दोघांनी मिळून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बसवलं, बोल्ट मापानं कसले, ब्लॉक उलटा केला. शिवकन्यानं खालून गेज आत सारला आणि हळूहळू फिरवला. काटा हलला. तिनं पुन्हा फिरवला. शंभरातले तीन भाग. बोल्टच्या ताणानं बोअरची वरची कड ओढली गेली होती.

नामाजींनी तिच्या हातून गेज घेतला. चारही बोअर त्यांनी स्वतः मोजले, परत मोजले. मग गेज खाली ठेवून स्टुलावर जाऊन बसले. शिवकन्याला वाटलं, आपण म्हाताऱ्याला दुखावलं.

"चाळीस वर्सं बोअर गोल करून राहिलो," ते म्हणाले, "अन् हेड कसल्यावर तो गोल राहतो का, हे एकदा बी पाहिलं न्हाई."

"ट्रॅक्टरचा ब्लॉक जाड असतो, मामा. त्याला एवढं होत नसंल."

"ते बी आता मोजून पाहीन." आणि ते उठले. डोळ्यांत एकदम चमक आली होती. "हेडाच्या जागी जाड प्लेट कसायची. तिला चार भोकं. म्हंजे ब्लॉक ताणलेला असतानाच वरून घासता येईल. ताणात गोल केला तर ताणातच गोल राहील. बराबर का?"

"बराबर."

भंगारातून दीड इंच जाडीची लोखंडी प्लेट मिळाली. तिच्यात चार मोठी भोकं आणि बोल्टांची छिद्रं पाडायला दोन दिवस गेले. शिवकन्या रोज सकाळी कुरुंद्याहून यायची. नामाजींच्या घरून आलेला डबा संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा, आणि दुकानात कुणी ट्रॅक्टरवाला आला की ते कामाआधी त्याला प्लेट दाखवायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोअर घासले. दहा-बारा फेरे, मग माप. परत चार फेरे, परत माप. सहातले तीन भाग आकार सरळ करण्यातच जाणार होते, म्हणजे चुकीला जागा फारशी नव्हती. शेवटी प्लेट काढून हेड कसलं, ब्लॉक उलटा केला. या वेळी गेज नामाजींनीच आत घातला. पूर्ण वेढा झाला. काटा जागेवर होता. दुसरा बोअर, तिसरा, चौथा. सगळीकडे तेच.

"ये, तू बी पाहा," ते म्हणाले. आणि त्यांनी गेज तिच्या हातात दिला.

इंजिन गाडीत बसवून पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी वैजनाथनं विचारलं, "सगळं मिळून वाढलं किती?"

"एक्याऐंशी सीसी."

"म्हंजे चहाचा एक कप. एवढ्यासाठी महिना घालवला?"

"बस आत," ती म्हणाली.

पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून आधी पाचशे किलोमीटर तिनं गाडी जपून चालवली. मग डोंगरकड्याच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. वैजनाथची पाठ सीटला चिकटली.

शर्यतीला नामाजी आले ते इस्त्रीचं धोतर नेसून. पहिल्या फेरीत शिवकन्यानं गाडी सोडली तीच वाऱ्यासारखी. पण डाव्या लांब वळणात नेहमीसारखा दुसरा गिअर घातला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरली. गाडी बाहेर फेकली गेली, एक शंकू उडाला. त्याचे पाच सेकंद दंड. भागवतचा वेळ लागला एक मिनिट बारा पूर्णांक नऊ सेकंद.

ती खाली उतरली. "गाडी नवी झाली, मामा. हातपाय जुनेच राहिले."

नामाजी जरा घुटमळले. "मला ह्यातलं कळत न्हाई. पण ट्रॅक्टरात जोर जास्ती असला तर आमी एक गिअर वरचा घालतो."

आधी त्या वळणात तिसऱ्या गिअरवर गाडी मरायची, म्हणून दुसरा. आता मरायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत डावं वळण आलं आणि तिनं गाडी तिसऱ्यातच ठेवली. इंजिन खालून उचलू लागलं. चाकं घसरली नाहीत, मुरूम धरून राहिली. वळणातून निघताना, जिथं गेल्या वर्षी ती मनातल्या मनात गाडीला ढकलत होती, तिथं या वेळी गाडीच तिला ओढून नेत होती. शेवटच्या सरळ वाटेवर ती एकटीच मोठ्यानं हसत होती.

एक मिनिट बारा पूर्णांक चार. भागवतला दुसऱ्या फेरीतही बारा पूर्णांक नऊच्या खाली येता आलं नाही.

सगळ्यात आधी भागवत आला. त्यानं अभिनंदन केलं आणि विचारलं, "बोअर कुणी केला?" शिवकन्यानं नामाजींकडे बोट दाखवलं. तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि काम कसं केलं ते लगेच विचारू लागला. नामाजींनी त्याला प्लेट, बोल्टांची मापं, सगळं सांगितलं. वैजनाथ बायकोच्या कानाशी लागला, "मामा तर सगळंच सांगून राहिले."

"सांगू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मजा येईल."

परतीच्या वाटेवर नामाजी पुढं बसले. गाडी दुकानाकडं न नेता त्यांनी आधी आपल्या घरी घ्यायला लावली. डोंगरकड्याला घरी पोचल्यावर त्यांनी बायकोला, चंद्रभागाबाईंना, बाहेर बोलावलं, शिवकन्याला बॉनेट उघडायला लावलं आणि ब्लॉकवर बोट ठेवून बायकोला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.