कोंड्यातला खळगा

उजवीकडं दोनच बोटं... सुदामनं खराट्याच्या हिराची काडी वर काढली, कोंडा चिकटला होता तिथं नख दाबून धरलं आणि पुन्हा मोजलं — दोन, तीही जेमतेम — मग काडी पुसून डावीकडच्या खळग्यात सोडली तर ती सरळ चार बोटं आत गेली, आणि त्याला वाटलं, पोतंच कलतं ठेवलं गेलं असणार, ही फरशी मेली कधी सरळ नव्हतीच. त्यानं खणातून बेअरिंगची एक गोळी काढून फरशीवर ठेवली. गोळी जागची हलली नाही. म्हणजे फरशी सरळ होती, पोतं सरळ होतं, आणि वाकडं जे काही होतं ते बसणाऱ्या माणसात होतं.

भाताच्या कोंड्यानं अर्धं भरलेलं ते पोतं म्हणजे सुदामचं मापाचं यंत्र. शहापुरात किन्हवली रस्त्याला त्याचं सीटांचं दुकान, बावीस वर्षं झाली. रिक्षा, जीप, ट्रॅक्टर, मोटरसायकल, माणूस जिथं म्हणून बूड टेकतो तिथल्या गाद्या त्यानं शिवल्या. टेप लावून माप घेणाऱ्यांना तो हसे. त्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाला पोत्यावर बसवायचं, चहा पाजायचा, तेवढा वेळ हलू द्यायचं नाही, मग अलगद उठवायचं. मागं जो खळगा उरतो — जिथं खोल तिथं भार जास्त — त्यावरून हाड कुठं टेकतं, भार कुठं पडतो, सगळं कळतं. माणूस तोंडानं काहीही सांगेल हो, पण कोंड्यात खोटं बसता येत नाही — हे तो दहा जणांना ऐकवत आला होता. आणि आजचा खळगा रखमीचा होता. त्याच्या बायकोचा.

बाहेर ती गाडी उभी होती, चार दिवस झाले. तीन चाकांची मोटरसायकल, पण रिक्षासारखी नाही — दोन चाकं पुढं, एक मागं, बुटकी, टोकदार तोंडाची, लालभडक. पहिल्या दिवशी अर्धं शहापूर बघून गेलं. बुधू म्हातारा तर कमरेवर हात ठेवून विचारत होता, की सुदाम, ही रिक्षा पाठमोरी चालते काय. गाडी वाशिंदच्या स्वरूपची. कंपनीत साहेब, वय पन्नाशीकडं झुकलेलं, गुडघे कुरकुरायला लागलेले. तोल सांभाळायला पाय टेकावे लागत नाहीत म्हणून त्यानं हौसेनं ती मुंबईतल्या कुणाकडून तरी घेतली, आणि मग त्याला कळलं, की ही पळायला केलीय, बसायला नाही. पुढची सीट फळीसारखी, मागची तर तळहाताएवढी. आणि याला बायकोला, योगिनीला, मागं बसवून थेट कन्याकुमारी गाठायची! शेजारच्या हरेशनं वेल्डिंगची सगळी कामं केली: हँडल दोन इंच मागं आणि वर घेतलं, पुढं उंच काच बसवली, पाय ठेवायला रुंद पाट्या केल्या, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, मागं पाठ टेकायला नळ्यांची चौकट. राहिल्या गाद्या. पुढची काल झाली. मागची आज चारपर्यंत द्यायची होती. परवा पहाटे ते निघणार होते.

योगिनीला मापासाठी यायला सवड नव्हती. स्वरूपनं फोनवर सांगितलं, काका, ती तुमच्या घरच्यांएवढीच आहे, गाडी आणली त्या दिवशी दोघी शेजारी उभ्या होत्या बघा. ते खरंही होतं. म्हणून सकाळी शेणव्याच्या घरून बाजाराला आलेली रखमी जेवणाचा डबा ठेवायला दुकानात शिरली तेव्हा सुदामनं तिला सांगितलं, की जरा पोत्यावर बस, माप पायजे. ती बसली. चहा घेतला. वाल यंदा कमी आलेत असं काहीतरी म्हणाली. मग उठली, टेबलाला धरून... दोन्ही हातांनी धरून. हे त्याला आत्ता आठवत होतं. तेव्हा तो धागा ओवत होता.

त्यानं फोमची लादी पुढं ओढली, खडूनं रेघ मारली आणि सुरी घेतली. काम सुरू झालं, की डोकं शांत होतं, असा त्याचा अनुभव. आज होईना.

उजवं अंग का वाचवते ही? दुखणाऱ्या अंगावर माणूस भार टाकत नाही, यात मोठं शास्त्र नाही. किती ड्रायव्हरांना त्यानं याच पोत्यावरून सांगितलं होतं, की दादा, कंबर दाखवून घ्या, तुमचं डावं खुब्याचं हाड बोंबलतंय. ते दाखवून यायचे, पेढे द्यायचे. सीटवाला डॉक्टर म्हणायचे. आणि रखमी... मोटरसायकलवर मागं एका अंगानं बसायची, पाय डावीकडं, तोंड शेताकडं, उजवा हात याच्या खांद्यावर; म्हणजे सगळा भार, सगळे खड्डे, पिळवटलेल्या कमरेखालच्या त्याच एका उजव्या हाडावर. बावीस वर्षं. शेणवा ते शहापूर, आणि सणावाराला शेणवा ते मुरबाड.

मुरबाड म्हटल्यावर सुरी थांबली.

मुरबाडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, तिचं माहेर. म्हातारी आई, भाऊ नवसू, वहिनी. दोन वर्षांपूर्वी नवसूच्या पोरीचं लग्न होतं, आणि आदल्या दिवशी रखमी चुलीकडं तोंड करून म्हणाली होती, मी नाय येत, तुमी जाऊन या. का, ते सांगितलं नाही. सख्ख्या भाचीचं लग्न! सुदाम बिचारा — बिचारा कसला, फणफणत एकटाच गेला. मांडवात जो भेटेल तो एकच विचारी, रखमी कुठं? पहिल्या दोघांना त्यानं तब्येतीचं सांगितलं, तर लोक काळजीनं आणखी विचारायला लागले. मग स्वतः नवसू समोर आला, हातात सरबताचा पेला दिला आणि विचारलं, दाजी, काय झालं, खरं सांगा. आणि हा म्हणाला — रागात होता, अपमान झाल्यासारखं वाटत होतं, काहीतरी बोलायचं होतं — म्हणाला, की जमिनीचं हाय तिच्या मनात, वाटणीचं. रुसलीय.

कुठली वाटणी? रखमीनं आयुष्यात कधी वाटणी हा शब्द काढला नव्हता. पण बोललं गेलं, आणि बोलताना तो शहाण्यासारखा हसलाही होता, बायकांचं असंच असतं, अशा अर्थानं. नवसूचं तोंड उतरलं. सासूनं पदर तोंडाला लावला. त्या दिवाळीला भाऊबीजेला कुणी आलं नाही. नव्या तांदळाची पिशवी आली नाही. फोन तर बंदच. आणि गंमत अशी, की हीच गोष्ट चार ठिकाणी सांगून सांगून सुदामला स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. रखमी गप्प दिसली, की तो मनात म्हणे, बसा आता भावावर रुसून.

त्यानं उजवीकडचा कठीण फोम कापून काढला. तिथं मऊ तुकडा घातला, वर आणखी एक, कडा तासल्या, तळवा दाबून पाहिला.

भाचीच्या लग्नाआधी, केव्हातरी... भातं कापून झाली होती, शहापूरहून परत जाताना उतरल्यावर ती म्हणाली होती, सीट कडक झालीय वाटतं. एवढंच. आणि तो हसला होता. ती सीट त्यानं स्वतःच्या हातानं शिवलेली, काथ्या घालून, दहा वर्षं हलणार नाही अशी! सीट कडकच पायजे, मऊ सीटवर माणूस पेंगतं, असं त्यानं तिला समजावलं, आणि वर हेही, की सगळा तालुका माझ्या गाद्यांवर बसतो, त्याची काय तक्रार नाय. ती पुन्हा काही बोलली नाही. मग हळूहळू तिचं जीपनं येणंजाणं सुरू झालं. तुमी लवकर निघता. मला बाजार हाय. मला रेशनची रांग लावायचीय. दर वेळी काहीतरी कारण, आणि दर वेळी त्यानं ते राग म्हणून जमा करून ठेवलं, की माझ्या मागं बसायलाही नको झालं हिला. बरं, नको तर नको. मग त्यानंही बस म्हणायचं सोडलं.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती चुलीकडं तोंड करून जे म्हणाली त्याचा अर्थ एवढाच होता, की तासभर त्या सीटवर मला बसवणार नाही. एसटीनं जाता आलं असतं, पण तीनदा गाडी बदलायची, उंच पायऱ्या चढायच्या, आणि वहिनीनं पहिलं विचारलं असतं, दाजींची गाडी असताना अशी का आलीस. नवऱ्याची सीट टोचते हे ती चारचौघांत सांगणार? ज्याचं पोटच सीटांवर, त्याची? ती नाही सांगायची. ती माझी लाज राखत होती, आणि मी तिकडं सरबत पीत... मी काय बघत होतो दोन वर्षं? ड्रायव्हरांची बुडं.

पुढचं काम हातांनी केलं. पाठीच्या चौकटीला गादी आली, कमरेपाशी थोडा उंचवटा दिला, डावीकडं कठीण, उजवीकडं मऊ खोलगट, त्यावर रेक्झिन ताणलं, दाभणानं टाके घातले, एकसारखे, बारीक. बघता बघता इतकी सुबक गादी झाली, की हरेश वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून बघायला आला. सुदामनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

चारला स्वरूप आणि योगिनी मोटारीतून आले. स्वरूप पुढं बसला, हँडल धरलं, पाठ ताठ, हात सैल, लहान पोरासारखा खूश झाला. योगिनी मागं बसली. टेकली, सावरली, पुन्हा टेकली, आणि चेहऱ्यावर हसू ठेवूनच म्हणाली,

"काका, मस्त झालीय. पण मी उजवीकडं कलतेय का?"

कलत होती. तिचा उजवा खांदा खाली गेला होता आणि ती त्या मऊ खळग्यात हळूहळू उतरत होती. स्वरूप म्हणाला, सवय होईल गं. सुदाम बघत राहिला. तेव्हा त्याला कळलं आपण काय करून बसलो ते: दुपारभर तो योगिनीची गादी शिवतच नव्हता. कन्याकुमारीला जाणाऱ्या परक्या गाडीवर त्यानं रखमीच्या दुखऱ्या हाडासाठी जागा करून ठेवली होती.

"माप चुकलं, ताई," तो म्हणाला. हे शब्द या दुकानात कधी कुणी ऐकले नव्हते. शेजारी हरेशचं मशीनसुद्धा थांबलं. "उद्या दुपारी न्या. दुसरी करून देतो."

त्यानं पोतं हलवून कोंडा सारखा केला, योगिनीला बसवलं, चहा पाजला. दोन्हीकडं तीन-तीन बोटं. ते दोघं मोटारीतून परत गेले.

साडेपाचला रखमी बाजारातून आली, डोक्यावर पाटी, डबा न्यायला. समोर शेणव्याची जीप भरत होती. सुदामनं तिला चालताना पाहिलं — पाहिलं म्हणजे आज पाहिलं — उजव्या पायावर भार पडला, की ती क्षणभर घाई करत होती. त्यानं पाटी उतरून घेतली. त्या लाल गाडीकडं बोट केलं आणि म्हणाला, की ही गादी उद्या काढायचीय, त्याआधी जरा बसून बघ.

तिनं आजूबाजूला पाहिलं. लोक काय म्हणतील, असं त्या पाहण्यात होतं. तो रस्त्याकडं पाठ करून, आडोशासारखा उभा राहिला. गाडी बुटकी, पाय फार उचलावा लागला नाही. लुगडं आवरून तिनं पाय पलीकडं टाकला, पाट्यांवर दोन्ही पावलं ठेवली, बसली. अंग धरून बसली होती, मग टेकली. मग पाठ पूर्ण टेकली, आणि तिचे डोळे आपोआप मिटले. बावीस वर्षांत त्याच्या कुठल्याही गाडीवर ती डोळे मिटून बसलेली त्यानं पाहिली नव्हती.

त्याला विचारायचं होतं, कधीपासून दुखतंय. पण उत्तर त्याच्याकडं होतंच.

"इथून मुरबाड किती लांब असल?" डोळे न उघडता तिनं विचारलं.

"तासाभराचं."

तिला ते ठाऊक होतं. त्या रस्त्याची वळणं तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होती. सुदामनं हँडलला हात घातला, उगाच, धरायला काहीतरी हवं म्हणून, आणि घसा खाकरला, आणि दोन वर्षं जे नीट घडी करून ठेवलं होतं ते त्याच्या तोंडून भलत्याच वेळी, भर रस्त्यात बाहेर आलं.

"नवसूला मीच सांगितलं. वाटणीचं."

"ठाऊक हाय मला," रखमी म्हणाली.

एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. वाल यंदा कमी आलेत हे सांगितलं तसंच सांगितलं. ठाऊक हाय... कधीपासून? त्या लग्नापासून? म्हणजे ती रोज डबा आणून ठेवत होती, ठाऊक असताना. सकाळी पोत्यावर बसली होती, चहा पीत, ठाऊक असताना. तो तिच्याकडं बघू शकेना, म्हणून गादीच्या टाक्यांकडं बघत राहिला, आणि टाके डोळ्यांपुढं पुसट व्हायला लागले.

समोरच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. शेणवा, शेणवा म्हणून ओरडला. रखमी तशीच टेकून होती. ती का उठत नव्हती — आराम वाटत होता म्हणून, की आणखी काही बोलायचं होतं, की बोलायचं सगळं संपलं होतं — त्याला काही कळेना. एवढंच कळत होतं, की आता ती डोळे उघडेल, पाय काढून घेईल, टेबल नाही म्हणून याच्या खांद्याला धरून उठेल आणि पाटी मागेल, आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती.