खालून दिसणारे साहेब

सर क्रिस्पिन हॅदरसेज यांच्यामुळे निम्म्या इंग्लंडची मान आखडली होती. ते छतं रंगवायचे. पाहुणा सरदाराच्या दिवाणखान्यात शिरला की तोंड वर करून उभाच.

आमच्या लंडनच्या चित्रशाळेत देवदूतांचे पंख जेबेझकडे होते आणि ढग माझ्याकडे. दाढी पिकायला लागली, तरी ढगच. "ओबडाया, जरा फुगव," एवढंच माझं शिक्षण.

मग चित्रकारांच्या संघाने आपल्या सभागृहासाठी साहेबांचं तैलचित्र मागवलं. साहेब मला म्हणाले, "तू काढ. जमलं तर यापुढे चेहरे तुझे. बिघडलं तर मरेपर्यंत ढग."

त्यांना मखमली खुर्चीत बसवून मी जीव ओतला. जेबेझ म्हणाला, "हुबेहूब रे! फक्त पंख राहिले." साहेबही खूश झाले.

दुपारी साहेबांच्या पत्नी डॉर्कसबाई नवऱ्यासाठी मटणाचा पाय घेऊन आल्या. चित्रासमोर थबकल्या.

"अहो, हे तुमच्या नाकपुड्यांचं चित्र आहे का?"

आम्ही पुन्हा पाहिलं. पुढे बुटांचे दोन तळवे, मग गुडघे, मग पोटाचा डोंगर, त्यामागे हनुवटी आणि दोन बोगदे. डोळे होते, पण बरेच लांब.

"माणूस असाच असतो ना, बाईसाहेब?" जेबेझने विचारलं.

"छताला चिकटवलेला असला तर असतो, मेल्या!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे बघून ते एकच शब्द बोलले, "ढग."

"थांबा हो जरा." बाई सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, पाय पोटावर ठेवून. म्हणजे मटणाचा. "धरा रे ते वर!"

आम्ही बाकावर चढून चित्र डोक्यावर धरलं.

"अगं बाई! आता अंगावर पडतील की काय! अहो, अगदी तुम्हीच. शिवाय जरा बारीक दिसताय."

त्या शेवटच्या वाक्याने माझं नशीब फिरलं. चित्र संघाच्या छताला ठोकलं गेलं. जेवणानंतर बिअर पिऊन सगळे सभासद तसेही खुर्चीत उताणेच असतात. सगळ्यांनी वाहवा केली.

साहेबांनी शब्द पाळला. चेहरे माझे झाले. फक्त अध्यक्ष आपल्या जागेवर बसेनात. वर एवढा वजनदार माणूस खुर्चीसकट अधांतरी, खाली काही नाही.

"ओबडाया," साहेब हळूच म्हणाले, "खुर्चीखाली काहीतरी आधार दे बाबा."

पांढरा रंग मी सोबत आणलाच होता.